गाडी दिसेपर्यंत

मारोतीकाका स्वतः कुठेच जात नाहीत. पण वारंगा फाट्यावरून निघणाऱ्या आमच्या गावच्या प्रत्येक माणसाला गाडीत बसवून देतात तेच. गावातलं कुणी पिशवी घेऊन निघालं की काका आपल्या शेळ्या दुसऱ्याच्या हवाली करतात आणि त्या माणसाच्या मागे चालू लागतात. त्याने बोलावलेलं नसतं. पुष्कळदा त्याला ते नकोही असतं.

फाट्यावर गाडी थांबायच्या आत काका खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. मग ड्रायव्हरच्या दारापाशी जाऊन सांगतात, "लेकरू हाय, सांभाळून न्या." माझ्या चुलत आजोबांना दवाखान्यात नेत होते, तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं. आजोबांच्या तोंडात तेव्हा एकही दात नव्हता.

गाडी सुटली की बाकीचे लोक घरी वळतात. काका वळत नाहीत. "दिसते तवर उभं राहायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "मानसानं मागं वळून पाह्यलं अन् कोनीच न्हाई, तर कसं वाटंल?"

मी कॉलेजसाठी नांदेडला निघालो तेव्हा आमची गाडी फाट्यापासून थोडी पुढे जाऊन, वळणाच्या अलीकडेच बंद पडली. ड्रायव्हर इंजिनात डोकं घालून बसला. मी मागे पाहिलं, तर काका तिथेच उभे. मी खाली उतरून हाताने 'जा, जा' अशी खूण केली. त्यांनीही हात हलवून मला निरोप दिला. मिस्त्री आला, गेला, सामान घेऊन परत आला, तरी काका जागचे हलले नाहीत. सुट्टीत घरी आल्यावर मी विचारलं, "काका, काहून थांबलात एवढं?"

"गाडी दिसून राहिली व्हती न्हवं," ते म्हणाले.

काकूंचं म्हणणं वेगळं. "जनावरं उपाशी, अन् आमचे मालक गेले गाड्या ढकलाया."

काकांना एकच लेकरू, वर्षा. ती नर्सिंग शिकली आणि तिला मस्कतच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. विमान हैदराबादहून होतं. काकू शेळ्यांपाशी थांबल्या आणि सोबतीला मला पाठवायचं ठरलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे मला सगळं माहीत असतं असा गावाचा समज आहे. मी भीत भीत सांगितलं, "काका, मी विमानतळ पाहिलेला नाही."

"पाटी तर वाचता येते न्हवं?"

पाट्या वाचता आल्या, तिथेच घोटाळा झाला. शहरातून आलेल्या बसने आम्हाला एका मोठ्या छताखाली उतरवलं. समोरच्या पाटीवर बाण वर दाखवत होता, म्हणून मी सगळ्यांना लिफ्टने वर नेलं. वर नुसत्या मोटारी उभ्या होत्या. तो बाण 'सरळ जा' म्हणत होता, हे मला नंतर कळलं. परत लिफ्टमध्ये शिरलो, तर आकड्यांच्या जागी अक्षरं होती. मी एक अक्षर दाबलं. लिफ्ट पार खाली गेली, दार उघडलं आणि आम्ही विमानातून उतरलेली माणसं जिथून बाहेर येतात तिथे पोहोचलो.

तिथे लोक हातात नावं लिहिलेले कागद धरून वाट बघत होते. काकांना फार बरं वाटलं. "पाह्य, इथली मानसं बी आपल्यासारखीच हायेत. घ्यायला येतेत."

तेवढ्यात बुरख्यातली एक म्हातारी एकटीच बाहेर आली. काका पुढे झाले. "सफर में तकलीफ तो नहीं हुई ना, अम्मा?" तिला वाटलं, घरच्यांनी पाठवलेला माणूस. तिने आपली बॅग त्यांच्या हातात दिली. मग तिचा मुलगा सापडेपर्यंत आम्ही चौघं फिरलो. तो एका गाडीपाशी सापडला. त्याने अम्माला बसवलं, काकांना सलाम केला आणि गाडी सुटली. काका उभे राहिले.

"बाबा," वर्षा रडकुंडीला आली, "माझं इमान हाय!"

"दिसून राहिली अजून," काका गाडीकडे बघत म्हणाले.

शेवटी एका झाडूवाल्या बाईने हाताला धरून आम्हाला वरच्या दारापर्यंत नेलं. ते दार मघाशी बस थांबली होती त्याच्या समोरच होतं. तिथे गणवेशातला जवान तिकीट आणि ओळखपत्र बघत होता. वर्षाचं बघून झालं. काकांनी खिशातून रुमाल काढला.

"टिकट, चाचा?"

"हमको जाना नहीं, साब. खाली सीट धरके आता हूँ."

मला कुठे तोंड लपवावं समजेना. जवान मात्र हसला. "सीट पक्की है, चाचा. नंबर लिखा है."

"खिडकी के पास है क्या?"

"खिडकीच हाय बाबा," वर्षा म्हणाली. तिने वाकून नमस्कार केला आणि ती आत गेली. दोनदा मागे वळली. काकांनी दोन्ही वेळा हात वर केला. मग ती गर्दीत दिसेनाशी झाली.

काका दारापाशीच थांबले. मागच्या लोकांना आत जाता येईना. जवान म्हणाला, "चाचा, आगे बढिए."

"हवाई जहाज किधर से दिखता, साब?"

"यहाँ से नहीं दिखता. वो उस तरफ है."

काकांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा एकदम गोंधळून गेला होता. "गाडी सुटताना दिसतच न्हाई, तर मग दिसते तवर म्हंजी कवर?"

मी पुन्हा पाट्या वाचू लागलो.

छताखाली कुणी फार वेळ उभं राहू देत नव्हतं. म्हणून काका रस्ता ओलांडून समोर, भर उन्हात, काचेच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. काचेतून आतली माणसं सावल्यांसारखी हलताना दिसत. त्यातली वर्षा कोणती, ते काही ओळखू येत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. काकांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, बॅगा देऊन झाल्या. आता पुढं जायचं हाय, पन पाय उचलंना." ती रडत होती. "तुमी भाईरच हायेत न्हवं? मी येते माघारी. न्हाई जायचं मला."

मला वाटलं, काका म्हणतील, थांब, मी इथंच हाय. आयुष्यभर ते तेच म्हणत आले होते.

"भाईर येऊन काय करशील?" काका म्हणाले. "आमी तर निघालो."

"निघालात?"

"व्हय. नांदेडच्या गाडीत बसलो बी."

"खरं, बाबा?"

काकांनी मला कोपर मारलं. मला काहीच कळेना. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि कुजबुजले, "कंडक्टर हो!"

मी वर्गात हजेरीलाही कधी मोठ्याने 'हजर' म्हटलेलं नाही. पण त्या दिवशी मी विमानतळासमोर ओरडलो, "चला, देगलूर, नांदेड! म्होरं सरका, म्होरं!" सामानाच्या ढकलगाड्या नेणारा माणूस थबकून आमच्याकडे बघू लागला.

"दोन नांदेड द्या," काका मला म्हणाले. मग फोनमध्ये म्हणाले, "गर्दी लई हाय बाई गाडीत. तू जाय पुढं. नीट जाय."

तिकडे तिने नाक ओढलं. मग ती म्हणाली, "बरं. जाते."

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "चला काका, आता निघू."

"आता कुठं निघतो? गाडीत बसलो न्हवं आपन?"

ते तिथून हलले नाहीत. तिचा पुन्हा फोन आला तेव्हा त्यांनी वाटेतली संगारेड्डी आली म्हणून सांगितलं. या वेळी मी काकांनी सांगायची वाट न बघता 'संगारेड्डी, संगारेड्डी!' असं ओरडलो. नेमकी त्याच वेळी विमानतळाच्या भोंग्यातून एका बाईने इंग्रजीत काहीतरी सूचना दिली.

"गाडीत कोन बोलून राहिलं, बाबा?"

"डायवरचा रेडिओ हाय," काका म्हणाले आणि त्यांनी कपाळाचा घाम पुसला. मी सावलीत चला म्हणून खूप विनवलं. ते म्हणाले, "तिकडून काच दिसत न्हाई."

शेवटचा फोन आला तेव्हा तिचा आवाज शांत होता. "बाबा, इमानात बसले. आता फोन बंद कराया लावून राहिले. तुमी कुठवर आलात?"

"देगलूर यायलं बघ," काका म्हणाले. गाडी त्यांनी भलतीच जोरात नेली होती.

ती म्हणाली, "बाबा, देगलूरला ऊन लई हाय. तुमच्या मागं खांब हाय न्हवं, त्याच्या पल्याड सावली हाय. तिथं बसा आता. त्यालाबी बसवा. वरडून वरडून थकला असंल."

फोन बंद झाला. काका तो तसाच कानाला लावून उभे राहिले. मी काचेकडे पाहिलं. आता त्या काचेत रस्ता, ऊन आणि आम्ही दोघं, एवढंच दिसत होतं. वर्षाने आतून आम्हाला कधी पाहिलं, पहिल्या फोनच्या वेळी की नंतर, आणि पाहूनही ती पुढे कशी गेली, हे मला अजून उलगडलेलं नाही.

काकांनी मागे वळून तो खांब पाहिला. मग सांगितलेलं ऐकणाऱ्या लेकरासारखे ते गपचूप चालत गेले, खांबापलीकडच्या सावलीत बसले, आणि शेजारची फरशी हाताने पुसून त्यांनी मला जागा करून दिली.