जज रोक्को आणि हजर नसलेली बाजू

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये कुणाची चहाडी करायची सोय नव्हती. आठव्या मजल्यावरचे जज रोक्को आत असले, आणि ते नेमके असायचेच, तर लगेच विचारत, "ज्यांच्याविषयी बोलताय ते इथे हजर आहेत?" नाही म्हटलं की हात वर करून म्हणत, "मग तहकूब." आणि खरंच तहकूब व्हायचं. माणसं आपापल्या बुटांकडे बघत वर जायची.

मी पहिल्यांदा सापडलो तो २००३ च्या हिवाळ्यात. जर्सी सिटीत नवीनच राहायला आलो होतो आणि मॅनहॅटनच्या ऑफिसातून बॉसच्या नावानं बोटं मोडत परतलो होतो. बायकोला, मंजिरीला, लिफ्टमध्येच सगळं सांगायला लागलो. मराठीत सांगत होतो हो! पण या गृहस्थानं माझ्या आवाजावरून ओळखलं. इंग्रजीत सगळं वदवून घेतलं आणि आमचा चौथा मजला येईपर्यंत माझ्या बॉसच्या वतीनं तीन मुद्दे मांडले. बॉसला त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. शेवटी मलाच बॉसची कीव यायला लागली आणि त्याचा राग आला तो वेगळाच.

रोक्को हे त्यांचं पहिलं नाव. आडनाव लांबलचक होतं, ते टपालवाल्यालाही नीट येत नसे. इटलीच्या दक्षिणेकडच्या कुठल्याशा डोंगरी गावातून आठव्या वर्षी आईबरोबर बोटीनं आले. मोठेपणी वकिलाच्या ऑफिसात झाडू मारला, मग तिथेच कागद लावले, संध्याकाळच्या कॉलेजात कायदा शिकले, वकील झाले आणि शेवटी वीस-बावीस वर्षं जज. रिटायर झाल्यावर माणूस गप्प बसतो की नाही? यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला. विषय काय, तर ज्यांची भाषा कोर्टाला कळत नाही त्यांचं म्हणणं कोर्टापर्यंत कसं पोचतं. दुभाष्यांचा इतिहास म्हणा. त्याच्या जोरावर दर मंगळवारी युनिव्हर्सिटीत शिकवायला जायचे. "हा ग्रंथ वाचणारे सगळे एका बसमध्ये मावतील," ते स्वतःच अभिमानानं सांगत, "पण त्या बसमधले सगळे एकमेकांशी भांडतील."

कचरा टाकायला जातानाही टाय. माझ्यासारख्या प्रोग्रॅमरला ते 'काउन्सेलर' म्हणत, म्हणजे वकीलसाहेब. बिल्डिंगमधली भांडणं मिटवायला तळघरातली लॉन्ड्री रूम हे त्यांचं कोर्ट. ड्रायरमधून दुसऱ्याचे कपडे कुणी काढले, सायकल कुणी कुठे लावली, सगळ्याची रीतसर सुनावणी. दोन्ही बाजू हजर असल्याशिवाय चष्मासुद्धा लावायचे नाहीत. निकाल पिवळ्या पॅडवर कारणांसकट लिहून वॉशिंग मशीनवर चिकटवायचे. एकदा हरवलेल्या एका मोज्यावर दीड पान निकाल होता, आणि खरं सांगतो, वाचल्यावर पटला.

२००५ च्या मे महिन्यात माझी आई नागपूरहून आली. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. घरात ती एकटी. सहा महिने इथे राहून बघ, रमलीस तर कायमचं बघू, असं मी तिला मोठ्या मिनतवारीनं पटवलं होतं. पहिला महिना ती खिडकीशी बसून राहिली. मग जूनमध्ये तिला गच्चीचा शोध लागला. कडक ऊन, स्वच्छ फरशी, वर कुणी नाही. तिनं मुगाची डाळ भिजवली, वाटली, जुनी चादर अंथरली आणि मुगवड्या घातल्या. संध्याकाळी खाली आली तेव्हा तोंड उन्हानं लाल झालेलं, पण कित्येक महिन्यांनी ती गुणगुणत होती. मी मंजिरीला म्हटलं, जमलं बघ, आई राहते आता.

चौथ्या दिवशी मॅनेजमेंटचं पत्र आलं. सहाव्या मजल्यावरच्या मिसेस डॉयल यांच्या टोमॅटोच्या कुंड्या गच्चीवर होत्या. त्यांची तक्रार, की तुमच्या घरातली एक वृद्ध स्त्री गच्चीवर कबुतरांना खाणं पसरून ठेवते, घाण होते, आरोग्याला धोका आहे, ताबडतोब थांबवा.

मी काय केलं? जे आपल्यातला कुणीही व्हिसावरचा शहाणा माणूस करेल तेच. मॅनेजमेंटला ई-मेल टाकली, 'माझ्या आईला नियम माहीत नव्हते, ती माफी मागते.' आणि आईला सांगितलं, "गच्ची बंद केली आहे म्हणे. वर जाऊ नकोस." आईनं पत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांनी म्हणाली, "माझं तिकीट अलीकडचं करून दे. मला घरी जायचंय." मी हजार वेळा विचारलं, काय झालं? तर म्हणे काही नाही. कुणाकडे जाणार होती ती? त्या रिकाम्या घरात?

त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये जज भेटले. आईला ते इटालियनमध्ये 'सिन्योरा', म्हणजे बाईसाहेब, म्हणत. "सिन्योरा गच्चीवर दिसत नाहीत?" मी सगळं सांगितलं आणि सांगता सांगता मिसेस डॉयलला भवानी ठरवून मोकळा झालो.

"मिसेस डॉयल इथे हजर आहेत?"

"नाहीत. पण जज..."

"आणि तुमच्या आईनं काय म्हणणं दिलं?"

"मी माफीची ई-मेल पाठवली."

"म्हणजे त्यांनी गुन्हा कबूल केला?"

"तिला विचारलं नाही मी," मी म्हणालो. बोलण्याच्या नादात माझा चौथा मजला केव्हाच मागे पडला होता. लिफ्ट आठव्यावर थांबली तरी जज उतरले नाहीत. माझ्याबरोबर परत खाली आले. "शनिवारी सकाळी अकरा," एवढंच म्हणाले.

शनिवारी लॉन्ड्री रूम भरलेली. आई इस्त्रीची साडी नेसून बसलेली, मी शेजारी दुभाषा. मिसेस डॉयल दहा मिनिटं बोलल्या, नीट बोलल्या; कबुतरांचं, पत्राचं, माझ्या ई-मेलचंही काढलं आणि मला ते आईला सांगावं लागलं. मग जज आईकडे वळले आणि म्हणाले, "सिन्योरा, प्लीज."

आई आधी घुटमळली, मग जी सुरू झाली! "मी कबुतरांना खाऊ घालते? अहो, तीन दिवस काठी घेऊन त्यांनाच हाकलत बसले मी. यांच्या टोमॅटोवरची पण मीच हाकलली. भाषा येत नसेल मला, पण यांनी हातानं खूण करून विचारायचं. चोरी केल्यासारखं पत्र कसलं पाठवता? नागपूरला चाळीस वर्षं वाळवण घातलं, सगळ्या गल्लीला वाटलं, कुणी बोट दाखवलं नाही. आणि हा माझा मुलगा, यानं ते पत्र मला वाचूनसुद्धा दाखवलं नाही. माझ्या नावानं काय लिहून पाठवलं ते याचं यालाच ठाऊक."

मी घसा खाकरून इंग्रजीत म्हणालो, "गैरसमजाबद्दल तिला वाईट वाटतं. ती फक्त डाळ वाळवत होती."

जजनी घड्याळ पाहिलं. "काउन्सेलर, सिन्योरा तीन मिनिटं बोलल्या. तुम्ही दोन वाक्यं दिलीत. बाकीचं कुठे आहे?"

लोक हसले. माझे कान तापले. "पुन्हा," जज म्हणाले, "आणि एकेक वाक्य." आई एक वाक्य बोले, मी इंग्रजीत सांगे. टोमॅटोवरची कबुतरं ऐकून मिसेस डॉयलनी डोक्याला हात लावला. मुलाच्या वाक्याशी आल्यावर मी अडखळलो. जज शांतपणे म्हणाले, "तेही." भरल्या खोलीत मी माझ्या आईची माझ्याविरुद्धची तक्रार माझ्याच तोंडानं सांगितली. अशी वेळ माझ्यावर आयुष्यात कधी आली नव्हती.

निकाल दोन पानांचा लागला. गच्ची निम्मी निम्मी, आणि कबुतरं हाकलण्याची जबाबदारी दोन्ही पक्षांवर एकत्रितपणे. मिसेस डॉयलनी स्वतः येऊन आईचा हात धरला, टोमॅटो दिले. मी खूश. घरी आल्यावर म्हटलं, "झालं ना मनासारखं? आता तिकीट राहू दे."

"निकाल लागला, चांगलं झालं," आई म्हणाली, "पण मला इथे जन्मभर तुझ्या तोंडानं बोलावं लागणार. तू तिकीट बघ."

रविवारी दुपारी तिनं जजना जेवायला बोलावलं. मुगवड्यांची रस्साभाजी, पोळी आणि टोमॅटोची कोशिंबीर. जजनी टायवर नॅपकिन खोचून तीनदा भाजी घेतली. मग हात पुसले आणि मला म्हणाले, "सिन्योरांना काही विचारायचं आहे. पूर्ण सांगाल?"

मी मान डोलावली. ते थांबत थांबत बोलले, मी प्रत्येक वाक्य आईला सांगत गेलो. "मी दहा वर्षांचा होतो. घरमालकानं आम्हाला खोलीतून काढायला कोर्टात ओढलं. आईला इंग्रजी येत नव्हतं, दुभाषा मी. ती खूप वेळ बोलली. भिंतीतली ओल, फुटकी खिडकी, माझ्या बहिणीचा खोकला, सगळं. हात उडवून बोलायची, लोक हसत होते. मला तिची लाज वाटली. जजनी विचारलं, काय म्हणते? मी म्हणालो, ती म्हणते ठीक आहे." त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला. "आठवड्यात खोली सोडावी लागली. पुढे मी जज झालो तेव्हा ती कोर्टात पहिल्या रांगेत बसली होती. मरेपर्यंत तिनं मला कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही. घरी बोलायला आता माझ्याकडे कुणी नाही. सिन्योरांना विचारा, तिला कळलं असेल का?"

आईला विचार करावा लागला नाही. "त्याच दिवशी कळलं असणार. आपलं एवढं मोठं बोलणं दोन शब्दांत संपलं, हे कळायला भाषा कशाला लागते? पण तिथल्या तिथे बोलली असती तर पोराची शोभा झाली असती. तिनं खोली जाऊ दिली, पोराला सांभाळलं. त्यांना सांग, तिच्या मनात काही राहिलं नसेल." हे बोलताना ती जजकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

मी सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. शेवटचं वाक्य जजनी दोनदा ऐकून घेतलं.

जाताना दारात त्यांनी आईचे दोन्ही हात धरले आणि इटालियनमध्ये बोलायला लागले. बहुधा त्यांच्या गावाकडची बोली असावी. पाच मिनिटं, दहा मिनिटं, हात उडवत, मध्येच हसत, मध्येच डोळे पुसत. मला एक अक्षर कळलं नाही आणि मी मध्ये पडलोही नाही. आई दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

ते लिफ्टकडे गेले. आईनं दार लावलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तिकिटाचं सध्या राहू दे. त्यांचं अजून बरंच बोलायचं राहिलेलं दिसतंय."