मधुकर सरांचे माजी सहायक

सुरतेत फुटबॉल खऱ्या अर्थानं कळणारी माणसं दोनच. त्यातला एक मी. दुसरा मला अजून भेटायचा आहे! ही बढाई नाही. उधन्याच्या आमच्या कॉलेजात अकरा वर्षं सहायक प्रशिक्षक म्हणून उन्हात करपलेल्या माणसाला एवढं बोलायचा हक्क असतो. मुख्य प्रशिक्षक होते मधुकर सर. मार्चअखेर ते निवृत्त होणार आणि त्यांची कायमची जागा मला, म्हणजे गजेंद्रला मिळणार, हे मैदानावर चरणाऱ्या बकऱ्यांनाही ठाऊक होतं.

सर माणूस म्हणून सज्जन. अकरा वर्षांत त्यांनी मला एकदाही उणा शब्द ऐकवला नाही. पण अकरा वर्षांत मैदानाच्या पांढऱ्या रेषेच्या आत पाऊलही टाकलं नाही! सकाळी यायचे, लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे, पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे आणि मान वर न करता अधूनमधून ओरडायचे, "पास द्या रे, पास!" पोरं तेव्हा नळावर पाणी पीत असायची.

बाकी सगळं मी. पळायला लावणारा मी, शिट्टी फुंकणारा मी, मुरगळलेल्या पायांना बाम चोळणाराही मीच! आणि संघाची कामगिरी? गेल्या सहा वर्षांत एक सामना जिंकलो, तोही समोरच्या संघाची बस कडोदऱ्याजवळ बंद पडली म्हणून. यात माझा काडीचा दोष नाही. आमच्या गोलमध्ये उभा राहायचा सुमित. संस्थेचे अध्यक्ष भूपेंद्रभाई यांचा सख्खा भाचा! तो एका हातानं गोल अडवायचा, कारण दुसऱ्या हातात मोबाइल असायचा.

जानेवारीत नोटीस लागली. संघ सतत हरतो, सबब मधुकर सर निवृत्त झाल्यावर फुटबॉल बंद, प्रशिक्षकाची जागा रद्द, मैदानावर पार्किंग. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं मी काय पार्किंगसाठी गवत काढत होतो?

घरी आलो तर बायकोनं, सोनालीनं, तोंड बघूनच विचारलं, "काय व्हयनं?"

"जागाच जाणार!"

"मंग आते?"

"आता बघच तू," मी म्हणालो. "या डोक्यात काय आहे ते त्यांना दाखवतो!"

डोक्यात होती एक जबरदस्त कल्पना. सरांचा संघ बघू नका, सरांचे सहायक बघा! माझ्या आधी सरांच्या हाताखाली तिघं होते. निंबा आता बारडोलीच्या एका कॉलेजचा प्रशिक्षक, सलग तीन वर्षं विजेता. सुषमा बडोद्यात मुलींचा संघ घडवते, तिच्या दोन मुली राज्याकडून खेळतात. तिसरा योगेश. तो सतरा दिवस टिकला आणि पळून जाऊन त्यानं लोचोचं, म्हणजे खमणासारख्या सुरती नाश्त्याचं, दुकान टाकलं. आज त्याची तीन दुकानं आहेत. त्याचं नाव घालायचं माझ्या मनात नव्हतं, पण दोनच नावं कागदावर फार केविलवाणी दिसत होती.

दोन पानी अर्ज घेऊन मी भूपेंद्रभाईंच्या लिंबायतच्या कारखान्यात गेलो. बाहेर माग खडखडत होते. भूपेंद्रभाईंनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि टेबलावर हात आपटला.

"आ तो बहु सरस वात छे! अरे, हमारे कारखाने में भी मास्टर को ऐसे ही नापते हैं! कपड़ा कितना निकाला वो छोड़ो, कितने हेल्पर मास्टर बनके गये वो देखो! इतने साल हम फुटबॉल में खाली गोल गिनते रहे!"

"तेच तर म्हणतो मी!" मी म्हणालो.

"बुलाओ तीनों को! रविवार को सन्मान!"

मी रिक्षात न बसता उधन्यापर्यंत चालत गेलो, एवढा खूश होतो. फुटबॉल वाचला म्हणजे जागा वाचली, जागा वाचली म्हणजे ती माझी! लगेच निंबाला फोन लावला.

"काय रे गज्या, कसाले फोन करा?"

"रविवारी ये, सरांचं कौतुक करायचं आहे."

"कसानं कौतुक? सर ते नुसता बसेल ऱ्हायेत!"

"तेच जरा गोड करून सांग ना, बाबा! माझ्या पोटाचा प्रश्न आहे!"

सुषमाला आणि योगेशलाही हेच सांगितलं. तिघांनी शब्द दिला. आणि तो असा काही पाळला की बस!

रविवारी हॉल भरला. निंबा उठला. "मधुकर सरांनी मला कधीही अडवलं नाही," तो म्हणाला. टाळ्या! सुषमा म्हणाली, "मैदानावरचा प्रत्येक निर्णय सरांनी मला घेऊ दिला. एवढा विश्वास वडिलांनीही दाखवला नव्हता." पुन्हा टाळ्या! योगेश तर सगळ्यांसाठी गरमागरम लोचो घेऊन आला होता. "सरांनी मला सतरा दिवसांत ओळखलं. म्हणाले, योगेश, फुटबॉल हे तुझं काम नाही!" आता सर हे ज्याला त्याला म्हणायचे, पण हॉलला काय ठाऊक? टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं. सर खाली मान घालून लोचो खात होते.

भूपेंद्रभाईंचे डोळे पाणावले. त्यांनी माइक हातात घेतला.

"तीन में से तीन! सौ टका! ऐसे मास्टर को कोई घर भेजता है? फुटबॉल चालू रहेगा! और मधुकर सर को एक साल का एक्स्टेंशन!"

मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मग हात हवेतच थांबले. एक्स्टेंशन? सर राहणार? मग माझी जागा? अहो, मी जागा वाचवायला गेलो आणि त्या जागेवर सरांनाच पुन्हा बसवून आलो!

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण भूपेंद्रभाईंची नजर माझ्यावर पडली.

"और ये भाई कितने साल से हेल्पर है?"

"अकरा वर्षं," सर अभिमानानं म्हणाले.

"अगियार वरस? बाकी सब दो साल में मास्टर बन गये, और ये अभी तक हेल्पर?"

तीनशे माणसं माझ्याकडे वळून बघू लागली. माझ्या शेजारची बाई तर खुर्ची जरा सरकवून बसली!

"मास्टर तो बराबर है," भूपेंद्रभाई गंभीरपणे म्हणाले, "हेल्पर में डिफेक्ट है."

डिफेक्ट! मला सांगा, माणसाला असं बोलतात? मी काय धागा सुटलेली साडी आहे? "अहो, हा अर्जच मी लिहिलाय!" मी ओरडलो. पण माइक त्यांच्याकडे होता.

तेवढ्यात सर उठले. मला वाटलं, आता हे सांगतील, साहेब, सगळं करतो तो गजेंद्रच. सरांनी घसा साफ केला.

"साहेब, चूक माझी आहे," ते म्हणाले. "बाकीचे गेले म्हणून मोठे झाले. गजेंद्रला मी माझ्या सोयीसाठी धरून ठेवलं. त्यालाही जाऊ द्या."

काय मोठं मन! लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आणि त्या टाळ्यांच्या गजरात आठ मिनिटांत मी माजी सहायक झालो! जाताना भूपेंद्रभाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "दुखी मत हो. जाओ, सफल होके आओ. साल के बाद मास्टर की जगह खाली होगी, तब पहला हक तुम्हारा. वचन!"

त्या वचनावर मी वर्ष काढलं. नवागामच्या एका नव्या कॉलेजात हंगामी प्रशिक्षक म्हणून लागलो. पोरं बहुतेक मागावर काम करणाऱ्यांची, आमच्याच खानदेशातली, काटक आणि भांडकुदळ. गोलमध्ये कुणाचा भाचा नव्हता! मी त्यांना पहाटेपासून पळवलं, शिव्या घातल्या, माया केली. वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर एकच होतं, सरांची ती जागा. हंगामी नोकरीवर घर किती दिवस चालवणार? सोनाली रोज सकाळी डबा देताना विचारायची आणि मी रोज म्हणायचो, "मार्चपर्यंत थांब."

फेब्रुवारीत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची चिठ्ठी निघाली. पहिलीच लढत नवागाम विरुद्ध उधना! भूपेंद्रभाई स्वतः येणार होते. डिफेक्ट कुणात आहे ते त्यांच्या डोळ्यांदेखत दाखवायची याहून चांगली संधी कुठली मिळणार! पोरांना एवढंच सांगितलं, "दया दाखवायची नाही."

दाखवली नाही. पहिला गोल झाला तेव्हा सुमित फोनवर "हॅलो, हॅलो" करत होता. दुसऱ्याच्या वेळी रेंज शोधत होता. अर्ध्या वेळेला तीन-शून्य! पोरं म्हणाली, "सर, आता जरा हळू खेळू का?" मी म्हणालो, "हळू खेळाल तर घरी चालत जाल!" संपलं तेव्हा सहा-शून्य. समोरून मधुकर सरांचा आवाज येतच होता, "पास द्या रे, पास!"

भूपेंद्रभाई हार घेऊन मैदानात धावत आले. एवढा जाड माणूस एवढा पळताना मी प्रथमच पाहिला. मी नम्रपणे मान पुढे केली. ते माझ्या शेजारून निघून गेले आणि हार सरांच्या गळ्यात पडला!

"मधुकर सर! पाँच गोल तक मैं बोला, चलो, नसीब होगा. छठा गोल देखा तब समझा, ये नसीब नहीं है, ये आपकी विद्या है! जिसको आपने बनाया, उसी ने आपको छह गोल मारे! चार में से चार! सौ टका!"

"छे छे, मी काहीच केलं नाही," सर म्हणाले. आयुष्यात प्रथमच खरं बोलले, तर लोकांना तो विनय वाटला!

"और तीन साल का एक्स्टेंशन!" भूपेंद्रभाई गरजले.

"भाई, आणि माझी जागा? तुमचं वचन?" माझी मान अजून वाकलेलीच होती.

"वचन पक्का है! जगह खाली होते ही तुम्हारी! लेकिन ऐसा मास्टर जाये तब ना!" असं म्हणून त्यांनी मला पेढा भरवला.

परतताना रिक्षात सोनाली बरोबर होती. तिनं सामना पहिल्यापासून पाहिला होता. दिंडोलीचा पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "अहो, सहा कसाले? एक बी पुरे व्हता ना!"

  सहावा गोल पंचांनी ऑफसाइड म्हणून नाकारलाच होता. मीच मैदानात घुसून दहा मिनिटं भांडलो आणि तो मिळवला!