हनुवटी कोणालाच लागली नव्हती

मनकर्णा जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचे फोटोही गेले, हे अमृतरावांना एका मंगळवारी सकाळी कळलं. आदिलाबादच्या बसस्टँडमागे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यानं हार्ड डिस्क कानाशी धरून हलवली, टेबलावर ठेवली आणि डॉक्टर बोलतात त्या आवाजात म्हणाला, "भाऊ, आता काही होत नाही. उशीर झाला."

हे वाक्य अमृतरावांनी वर्षभरात दुसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपण काय केलं होतं ते त्यांना आठवेना. म्हणून या वेळी त्यांनी चहा मागवला.

अमृतरावांचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनवर निघायचं. पोरांना आपलं तोंड सिनेमातल्या हिरोच्या धडावर हवं असायचं, मागे आग आणि बाजूला सिंह. आता तर पोरं मोबाईलवरच एआयकडून बॅनर करून आणत. त्यातल्या एकात हार घेऊन उभ्या सरपंचाच्या हाताला सहा बोटं आली होती. सरपंचांना ती आवडली. इतक्या कल्पना सुचतात कुठून, असं कोणी विचारलं की अमृतराव म्हणत, "गिऱ्हाईक डोक्यावर उभं राह्यलं की सुचते."

दुकान नवं होतं तेव्हा जाहिरातीसाठी बाई कुठून आणायची हा प्रश्न होता. त्यांनी घरातल्या पांढऱ्या चादरीपुढे मनकर्णेला बसवलं आणि दुपारभर फोटो काढले. ते फोटो पुढे जिल्हाभर कामी आले. एके दिवशी ती बांगड्या भरायला बाजारात गेली, तर चष्म्याच्या दुकानावर तिचे नुसतेच डोळे, बैलगाडीएवढे रुंद. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "तुमी मले वाटून टाकलं."

त्यानंतर ती कधी कॅमेऱ्यापुढे बसली नाही. कोणाच्याही लग्नातल्या फोटोत ती पदर ओढून किंवा मान वळवून उभी. स्वतःच्या लग्नातल्या फोटोत नुसत्या मुंडावळ्या. आधार कार्डावरच्या फोटोबद्दल तर ती स्वतःच म्हणायची की ही बाई माझ्या नावावर रेशन खाते.

वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं. नार्नूरजवळच्या गावाहून सासूबाईंचा, जयवंताबाईंचा फोन आला.

"जावईबापू, फ्रेम झाली का?"

"फ्रेम झाली, मामी. फोटो राह्यला."

"मंग झालं काय?"

अमृतरावांनी हार्ड डिस्कचं सांगितलं. पलीकडे जयवंताबाई कोंबड्या हाकलू लागल्या.

"तिचा मोबाईल हाय ना तुमच्यापाशी?" अमृतरावांनी विचारलं.

"पेटीत हाय, तिच्या लुगड्यात. पण त्यातल्या फोटोच्या डब्याले तिनं तोंडाचं कुलूप लावलं ना. तेराव्याले तुमीच पाह्यलं. तुमचं तोंड नाई मानलं त्यानं."

ते खरं होतं. तेराव्याला मुंडण करून, मिशी उतरवून बसलेल्या अमृतरावांपुढे मोबाईल धरला तर 'चेहरा जुळत नाही' असं आलं. म्हणजे कुलपाला मनकर्णेचंच तोंड हवं होतं. फोटोंना कुलूप लावण्यासारखं त्यांत काय होतं, हेही त्यांना कळत नव्हतं.

फ्लेक्स बांधायला शिडीवर चढणारा चंपत हे सगळं ऐकत बसला होता. तो म्हणाला, "तोंडच पायजे ना? मंग बनवू. वहिनी हायेच की. तुकड्या-तुकड्यानं हाय, पण हाय."

दुसऱ्या दिवशी दोघं मोटारसायकलवरून मनकर्णेला गोळा करायला निघाले.

पहिलं चष्म्याचं दुकान. मालक बाहेर येऊन म्हणाला, "भैया, ये बोर्ड बदलके देव. पहले सीधा देखती थी. अब उधर देखती है." त्यानं अमृतरावांच्या दुकानाच्या दिशेनं हात केला. फ्लेक्स एका टोकाला सैल झाल्यानं असं दिसत असेल, असं अमृतराव म्हणाले. चंपत शिडीवर चढला, दोऱ्या ओढून पाहिल्या आणि घाईनं खाली आला.

"घट्ट हाय," तो म्हणाला. "फोटो काढा लवकर."

उटनूरला दातांच्या दवाखान्याच्या पाटीवरून उन्हानं नाव उडालं होतं, पत्ता उडाला होता, डॉक्टर उडाले होते. नुसतं हसू राहिलं होतं. शाळेत जाणाऱ्या पोरी त्या भिंतीजवळ आल्या की पलीकडच्या बाजूनं चालत. नार्नूरला सोनारानं नाक दिलं, नथीसकट. बरोबर कानही मिळाले. नेरडीगोंड्याला हायवेवर तेलाच्या पाटीवर लांब केस होते. ट्रक गेला की पाटी हलायची आणि केस एका बाजूला गेल्यासारखे वाटायचे. तिथं चंपत मोटारसायकलवरून उतरलाच नाही.

"अमृतभाऊ, एक विचारू? वहिनी मांगं बसल्यासारखी वाटून राह्यली मले."

"मांगं मी बसलो चंपत."

"तेच म्हणतो. तुमी एवढे हलके कधीपासून झाले?"

दुकानात येऊन अमृतरावांनी सगळं जोडायला घेतलं. डोळे नको तेवढे मोठे, दात पिवळे पडलेले, नाक दुसऱ्याच उजेडातलं. मापात आणता आणता चेहरा होत गेला आणि शेवटी लक्षात आलं की खाली काहीच नाही. इतक्या वर्षांत हनुवटी कोणत्याच दुकानाला लागली नव्हती.

निरोप मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी जयवंताबाई मोबाईल चार्ज करून, हातरुमालात बांधून आल्या. खुर्चीत बसताच जावयानं त्यांच्या हनुवटीचा फोटो काढला.

"हे काऊन?"

"मामी, तुमची घेतो. तुमच्यावरच गेली होती ती."

"घ्या. तिनं माही येवढीच गोष्ट घेतली होती."

हनुवटी बसली. पडद्यावरची बाई तिघांकडे पाहू लागली. पंखा चालू असूनही दुकानात कोंदट झालं. चंपतनं चपला काढल्या आणि हातात धरून दाराशी उभा राहिला.

"आत तरी ये," अमृतराव म्हणाले.

"इथूनच बरं दिसते."

जोड उघडे दिसत होते म्हणून अमृतरावांनी चित्र एआयच्या अॅपमध्ये टाकलं. क्षणात जोड गेले, पिवळेपणा गेला, आणि वीस वर्षांची एक गोरी मुलगी हसू लागली.

"ही कोणाची पोरगी?" जयवंताबाईंनी विचारलं.

"कोणाचीच नाही, मामी."

"मंग तिले तिच्या घरी जाऊ द्या. माही आणा."

जोडांची मनकर्णा परत आली. जयवंताबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "तुटली फुटली हाय, पण हायेच," त्या म्हणाल्या. "फक्त हसून काऊन राह्यली एवढी? घरात तर कधी हसे नाई." मग त्यांनी मोबाईल स्वतःच्या हातात घट्ट धरला आणि पडद्यासमोर नेला. कोणाला हात लावू दिला नाही.

चेहरा जुळत नाही.

अमृतरावांनी डोळे लहान केले. चेहरा जुळत नाही. त्यांनी हसू काढून ओठ मिटवले. दातांशिवायची मनकर्णा खरी मनकर्णा झाली, एवढी की पाणी भरायची वेळ झाली असं ती आता म्हणेल असं वाटलं. चंपत दाराबाहेर गेला. मोबाईल मात्र म्हणाला, चेहरा जुळत नाही.

"तिले पटत नाई," जयवंताबाई म्हणाल्या. "माह्यानं नाई होत. घ्या, तुमीच पाहा."

अमृतरावांनी मोबाईल हातात घेतला आणि काच पुसायला तोंडासमोर धरला. टिक असा आवाज झाला. कुलूप उघडलं.

बाहेर चंपतच्या हातातून एक चप्पल पडली. "वहिनीनं उघडलं," तो तिथूनच म्हणाला.

"तिनंच," जयवंताबाई म्हणाल्या आणि पडद्यावरच्या लेकीला हात जोडले.

अमृतरावांचा हात मिशीवर गेला होता. मिशी परत आली होती, डोक्यावरचे केसही. तेराव्याला मोबाईलनं बिनमिशीच्या माणसाला ओळखलं नव्हतं, एवढंच. कुलपात मनकर्णेचं तोंड कधी नव्हतंच. नवऱ्याचं होतं. मोबाईल घेतला त्या दिवशी तिनं तो त्यांच्या तोंडासमोर धरला होता आणि म्हणाली होती, "जरा इकडं पाहा बरं." त्यांनी पाहिलं होतं आणि परत कामाला लागले होते.

आत पुष्कळ फोटो होते. तिघं वाकून पाहू लागले. चंपतही आत आला होता.

पहिला फोटो पाठीचा. कॉम्प्युटरपुढे बसलेल्या अमृतरावांची पाठ. दुसराही तोच. उन्हाळ्यातली बनियनमधली पाठ, थंडीतली स्वेटरमधली. दिवाळीतली, नव्या शर्टाच्या घड्या तशाच असलेली. काहींत कोपराशी चहाचा कप, वर साय धरलेली. जयवंताबाई बोटानं फोटो सरकवत राहिल्या आणि पाठ येत राहिली, कुठंच वळली नाही.

"जावईबापू, सगळी तुमची पाठच हाय."

"हो, मामी."

"तिले तेवढंच दिसे."

चंपतनं चप्पल घातली आणि चहा सांगून येतो म्हणून गेला.

अगदी शेवटच्या फोटोत कॉम्प्युटर बंद पडलेला होता, बहुधा लाईट गेली असावी. काळ्या पडद्यात अमृतरावांचं तोंड होतं, पडदा उजळायची वाट पाहणारं. त्यांच्या मागे दारात एक बाई उभी होती. अमृतरावांनी तो फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. दोन हात दिसले, बांगड्या दिसल्या, हनुवटी दिसली, स्वच्छ. वरचं तोंड मोबाईलनं झाकलं होतं.

"हीच," जयवंताबाई हनुवटीवर बोट ठेवून म्हणाल्या. "ही बाकी बरोबर घेतली होती तुमी."

वर्षश्राद्ध झालं. पाहुण्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि कोणी काही विचारलं नाही, कारण जयवंताबाई भिंतीखालीच बसून होत्या. चष्मेवाल्याला अमृतरावांनी नवा बोर्ड फुकट करून दिला, नुसत्या फ्रेमांचा, आणि जुना घडी करून घरी आणला. दुकानातलं टेबल त्यांनी फिरवून घेतलं. आता ते दाराकडे तोंड करून बसतात. पडद्यावर उजेड पडतो, रंग नीट दिसत नाहीत, गिऱ्हाईकं तक्रार करतात. दारात कोणी आलं की ते मान वर करतात.

घरात फ्रेम टांगलेली आहे, हारही घातलेला आहे. फोटो लावायचा राहिला आहे.