तंबूतल्या दवाखान्याचा इतिहास

बापाच्या पायावर कोयता बसला त्या वर्षी आमच्या घरात कुणाच्याच पायात चप्पल नव्हती. पिकवलेलं भात माघापर्यंत पुरायचं, पुढे सगळे वीटभट्टीवर. डोळखांबहून शहापूरला जाणारी एसटी निघून गेली होती. म्हणून बापाला उचलून महादूकाकांच्या ओट्यावर आणलं. काकांनी जखम बघितली, तोंड बघितलं. "तीन नंबर. थांबू शकतो," म्हणाले, आणि विंचू चावलेल्या म्हातारीकडे वळले.

बाप बोंबलत राहिला. काकांनी घड्याळ लावून वीस मिनिटं पाणी उकळलं, मग पाय धुतला. "वरडतो तो मरत नाय. गप असतो त्याला आधी बघायचं," एवढंच सांत्वन.

महादूकाका बापाचे चुलतभाऊ. फौजेत होते, पण बंदूक चालवणारे नव्हते. लढाईच्या मागे तंबू ठोकून ऑपरेशनं करणारं एक युनिट असतं, त्यात ते स्ट्रेचर उचलायचे. तिथे आधी कुणाला बघायचं हे ठरवायला जखमींना लावतात तसे नंबर ते गावात सगळ्यांना लावायचे. म्हसा गावच्या जत्रेत बैलाला, लग्नात नवरदेवाला. "दोन नंबर. टिकंल," असं त्यांनी मांडवात जाहीर केलं, तेव्हा नवरीच्या मामानं जेवण सोडलं. लोक हसायचे. मीही हसायचो.

नव्वदनंतर मी पाड्यातला पहिला बी.ए. झालो. त्याच आठवड्यात काका एक पाकीट घेऊन आले. युनिट आपला इतिहास छापणार होतं, जुन्या जवानांकडून आठवणी मागवल्या होत्या.

"ए बी.ए., लिही. माझं नाव नको. चार नंबरवाल्यांची घाल."

चार नंबर आम्ही कधी ऐकलाच नव्हता.

"टेबलं दोन, डॉक्टर साहेब एक," काका म्हणाले. "जो वाचायचा नाय, त्याला चिठ्ठी बांधायची आन् भायेर ताडपत्रीखाली ठेवायचा. ठेवायचो आमी. मंग मी बसायचो त्याच्यापाशी. नाव-गाव इचारायचो. काम सोडून बसतो म्हणून दोनदा शिक्षा खाल्ली."

एकाहत्तरच्या लढाईतली एकोणीस माणसं त्यांनी न अडखळता सांगितली. नाव, गाव, जिल्हा. विसाव्याचं नाव-गाव कळलंच नव्हतं; तो फक्त आपल्या बैलाविषयी बोलत होता. बैलाचं नाव हिरा.

मी छान हिंदीत लिहून वाचून दाखवलं.

"हिरा कुठंय?"

"काका, इतिहासात बैल नसतो."

"मंग हा माणूस कुठंय?" त्यांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं. "दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जगला तो. दुपारपर्यंत जगणारा चार नंबर असतो का रे? तो अजून जिवंत हाय, हे मी साहेबांना उठून सांगितलं नाय."

मी बैल लिहिला.

दोन वर्षांनी पुस्तक आलं. गुळगुळीत कागद, साहेबांचे फोटो, खेळात जिंकलेल्या ढाली, एका साहेबांचा कुत्रा, नावासकट. मरणाऱ्यांवर एक वाक्य होतं: शर्थीचे प्रयत्न करूनही काही जवान वाचू शकले नाहीत. काकांनी मला सगळी पानं दोनदा उलटायला लावली.

"नाय?"

"नाय, काका."

"त्यांना टाइम नसंल," म्हणाले, आणि पुस्तक कपड्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. मला वाटलं होतं शिव्या देतील. निदान मी तरी द्यायला हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी शहापूरच्या पोस्टातून वीस कार्डं आणली. एकेक गाव काका सांगत गेले, मी लिहीत गेलो: तुमचा माणूस गेला तेव्हा आमच्या गावचे महादू त्याच्यापाशी बसलेले होते. विसाव्याला पत्ता नव्हता. काकांनी त्याच्यासाठीही एक कार्ड मागितलं, हातात धरलं आणि कोरंच खिशात ठेवलं.

बरीच कार्डं परत आली. काहींचं काहीच कळलं नाही. पाच घरांतून उत्तरं आली. आपला माणूस एकटा मेला नाही, हे त्या पाच घरांना कळलं.