टिकलीने शोधलेली घाण जागा

एका जंगलात, मुलांनो, एका अस्वलाने द्राक्षबाग लावली होती. वेलींना बुरशी लागू नये म्हणून ते निळसर औषध फवारायचं आणि पंप ओढ्यात धुवायचं. ओढा तळ्यात यायचा. त्या तळ्यात टिकली नावाची मासोळी नुकतीच सून म्हणून आली होती.

तळ्याची एक रीत होती. नव्या सुनेने अंडी ओढ्याच्या तोंडाशीच घालायची. जागा मानाची. तिथे शेवाळ नाही, बुरशी नाही, गोगलगायसुद्धा नाही. सासूबाईंना त्याचा फार अभिमान.

गोगलगाय का नाही, असं टिकलीच्या मनात आलं. पण नव्या सुनेने विचारायचं कसं? तिने मान खाली घातली. माशाला मान नसते, तरी तिने जमवलं.

अंडी काचेसारखी लख्ख राहिली. त्यांतून कुणीच निघालं नाही.

दुसऱ्या खेपेला पिल्लं निघाली ती पाठीत वाकलेली. जागच्या जागी गरगर फिरली आणि संपली.

"तुमच्या माहेरी असंच पोहतात का गं?" सासूबाईंनी विचारलं.  नवरा पूर्वी टिकलीभोवती घिरट्या घालायचा. हल्ली फिका पडून तळाशी बसलेला असायचा.

तिसऱ्या खेपेला टिकलीने त्याला ओढतच तळ्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथे रानडुकरं लोळायची, पण गोगलगायीही होत्या. कुजक्या पानांखाली तिने अंडी घातली आणि घरी अवाक्षर काढलं नाही. हे बंड आहे, असं ती स्वतःला बजावत होती. बंड पानाखाली, शेपटीसकट लपून.

पिल्लं सरळ पाठीची निघाली. ही मानाच्या जागेची पुण्याई, असं सासूबाईंनी तळंभर सांगितलं आणि पोटुशी धाकटी जाऊ ओढ्याकडे निघालीसुद्धा.

टिकलीच्या तोंडून आधी बुडबुडा निघाला, मग शब्द.

"आई, मी डुकरांच्या चिखलात घातली होती. ओढ्याच्या पाण्यात अस्वलाचं निळसर औषध येतं."

सासूबाईंनी धाकट्या सुनेला माघारी बोलावलं.

"आधी नाही का सांगायचं, बाई? मग आजपासून मानाची जागा तीच. फक्त अशी बुरसटलेली बरी दिसत नाही."

लगेच अस्वलाला निरोप गेला. अस्वल शेजारधर्माला जागणारं. औषधाचा पंप घेऊन स्वतः आलं. जागा टिकलीने शोधलेली, म्हणून त्याला वाट दाखवायला तिलाच पुढे केलं.

टिकलीने वाट दाखवली.

तात्पर्य : सासरी खरं जरूर बोलावं, मात्र सासरच्यांना स्वच्छतेची आवड नाही, याची आधी खात्री करून घ्यावी.