नागप्पांचं येळवशीचं आवतन

नागप्पा मापाडी दर वर्षी येळवशीला अख्ख्या मुरुम गावाला आपल्या रानात जेवायला बोलवायचे. आवतनही रीतसर असायचं. घरोघर जायचं, उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, हात जोडायचे आणि म्हणायचं, "औंदा येळवशीला आमच्या रानात यायचं बरं का. समद्यांनी." पाटील झाले, सोनार झाले, कापडाचे दुकानदार झाले, नाक्यावरचा जमादारसुद्धा सुटायचा नाही. यात खटकण्यासारखी गोष्ट एवढीच होती की नागप्पांना जमीन नव्हती.

भावानं लाटली, नाहीतर बापानं विकली, असलं काही नव्हतं. मुळातच नव्हती. त्यांचं घराणं मोंढ्यातल्या मापाड्यांचं. शेतकऱ्याची ज्वारी बाजारात यायची, नागप्पा तिच्या राशीपुढं मांडी घालून बसायचे आणि पायलीनं मोजून दुसरीकडं टाकायचे. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांची ज्वारी इकडून तिकडं केली.

मी वाशीचा, निजामाच्याच मुलखातल्या. मास्तरकी मिळाली आणि महायुद्धाच्या धामधुमीत माझी बदली मुरुमला झाली. आमच्याकडं येळवशीचं एवढं प्रस्थ नव्हतं, त्यामुळं पहिल्या वर्षी मला काही उमजेना. मार्गशीर्षातल्या अमावास्येला सकाळी उठून पाहतो तर गावात चिटपाखरू नाही. दुकानं बंद, मोंढा बंद, देवळातला पुजारीही गायब. सगळं गाव रानात. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची आणि मग जेवायला बसायचं. भाज्या आणि ओले दाणे बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर आणि बिंदगी, म्हणजे छोटी घागर, भरून आंबील. त्या दिवशी रानात कुणी उपाशी राहत नाही, आणि गावात कुणी जेवत नाही.

मला सिद्रामप्पा पाटलांचं बोलावणं होतं. पण त्यांच्या आधी नागप्पा येऊन गेले होते, आणि मी नवखा असल्यामुळं भाबडेपणानं विचारलं होतं, "रान कुठं आहे तुमचं?"

"वढ्याच्या वळणाला. जांभळीपाशी."

हे मी पाटलांना सांगितलं तेव्हा त्यांचा चहा बशीतून सांडला. ओढ्याच्या वळणाला धोंडे आणि बाभळी सोडून काही नाही, ही गोष्ट मुरुममधल्या शेळ्यांनाही ठाऊक होती. "नागप्पाची मस्करी हाय ती, मास्तर," पाटील डोळे पुसत म्हणाले. "येतो म्हणायचं. आमी समदेच म्हणताव."

मग मीही येतो म्हणालो. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी नागप्पा शाळेपाशी भेटले.

"आला न्हाईत?"

"पाटलांकडं गेलो होतो."

"व्हय की. पाटलांचं कसं मोडणार. पुढल्या साली बघू."

चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. असंच ते प्रत्येकाला विचारत जायचे. लोक म्हणायचे, मस्करी करावी तर नागप्पानं, तोंडावरची माशी हलू देत नाही.

एरवीही त्यांचं बोलणं असंच. "आधी रान, मंग गाव," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. गावात जे काही घडतं त्याचं मूळ रानात असतं, यावर त्यांची अढळ श्रद्धा होती, आणि ती ते गावभर वाटत फिरत. कापडवाल्याच्या दुकानात जाऊन गादीवर टेकायचे आणि सांगायचे, "हस्त कोरडा गेला. लुगडी मागवू नका." सोनाराला म्हणायचे, "औंदा बाया मोडायला येत्याल, घडवायला न्हाय." एका वर्षी त्यांचं ऐकून कापडवाल्यानं खरंच माल मागवला नाही. मग चित्रा नक्षत्रात पाऊस कोसळला, ज्वारी डोक्याच्या वर गेली आणि लग्नसराईत सगळं गिऱ्हाईक उमरग्याला गेलं. कापडवाला तावातावानं मोंढ्यात आला. नागप्पांनी पायली खाली ठेवून त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाऊस चुकला, म्या न्हाय."

शाळेतही त्यांची ही विद्या पोचली होती. एकदा माझ्या वर्गातली निम्मी पोरं गणितात नापास झाली. मी मोंढ्यावरून चाललो होतो, तोंड पडलेलं. नागप्पांनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला.

"गेल्या साली ज्वारीवर चिकटा पडलेला," ते म्हणाले. "तसली भाकर खाऊन गणित कसं यावं?"

वाजंत्र्यांची सनई बेसूर लागली, तूर जळाली होती. न्हाव्याचा वस्तरा लागला, न्हाव्याला खळ्यावर धान्य कमी मिळालं होतं, मग हात कसा स्थिर राहणार. मुन्सफ कोर्टात गर्दी वाढली, करडई चांगली झाली होती, भांडायला अंगात ताकद आली. पीक आलं तरी त्यांच्याकडं कारण होतं आणि बुडालं तरी होतं. आणि हे सगळं "आमची" लावून. आमची ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली, आमच्या हरभऱ्याला घाटे धरले, आमच्या तुरीवर अळी. परक्या माणसाला वाटावं, निम्मा तालुका यांच्या मालकीचा आहे.

एकदा खरंच तसं वाटलं एकाला. लढाईमुळं सरकारनं लेव्ही लावली होती. शेतकऱ्यानं पिकातला ठरलेला वाटा सरकारला घालायचा. त्या वसुलीला हैदराबादकडचे एक नवे गिरदावर आले होते. नागप्पांनी रिवाजाप्रमाणं त्यांनाही येळवशीचं आवतन दिलं. गिरदावरांना हे मस्करीचं प्रकरण माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला.

"जमीन है तुम्हारी? लेव्ही भरे क्या?"

 चावडीतल्या पटवाऱ्याला घाम फुटला, कारण त्याच्या कागदात नागप्पांचं नाव कुठंच नव्हतं. नकाशा मागवला गेला. गिरदावरांनी ओढ्यावर बोट फिरवत फिरवत वळण गाठलं.

"यहाँ तो नाला है, मियाँ."

"व्हय साब," नागप्पा अदबीनं म्हणाले, "नाल्यापाशीच. जांभळी दिसती का बघा."

नकाशात जांभळी नव्हती. गिरदावरांनी पटवाऱ्याकडं पाहिलं, पटवाऱ्यानं कपाळापाशी बोट नेऊन हळूच फिरवलं, आणि प्रकरण मिटलं. गावाला पुढं कित्येक दिवस हा किस्सा पुरला. नागप्पा मात्र एवढंच म्हणाले, "साब येतो म्हणाले न्हाईत. खोटं बोलायची सवय न्हाय बिचाऱ्याला."

मग इंग्रज गेले. पलीकडं झेंडे लागले, आमच्याकडं मात्र निजामच राहिला आणि दिवस वाईट आले. अमकं गाव लुटलं, तमकं जाळलं, अशी रोज नवी आवई उठायची. माणसं बायकापोरांना घेऊन सरहद्दीपलीकडं, अक्कलकोट-सोलापुराकडं जाऊ लागली. सिद्रामप्पा पाटील गेले, सोनार गेले, कापडवाल्यानं दुकानाला कुलूप घातलं. कित्येकांच्या रानात पेराच झाला नाही. मोंढ्यात राशी येईनात, तरी नागप्पा पायली घेऊन जागेवर बसून असायचे. शाळेत चार पोरं आणि मी, असे आम्ही एकमेकांकडं बघत बसायचो.

त्या वर्षीही येळवशीच्या आधी नागप्पा आवतनाला निघाले. कुलूप लावलेल्या दारापुढंही चपला काढून हात जोडताना मी त्यांना पाहिलं. मग माझ्या उंबऱ्याशी आले.

"औंदा येळवशीला आमच्या रानात यायचं बरं का."

"येतो," मी म्हणालो. तोंडात बसलेला शब्द होता तो.

अमावास्येच्या दिवशी गाव रिकामं होतं. दर वर्षीही असायचं, पण ते संध्याकाळी पुन्हा भरायचं. चुलीपुढं बसून मी माझ्या हातची भाकरी पाहिली. तिला आकार नव्हता आणि तिच्याबरोबर खायला काही नव्हतं. पाटील नव्हते, दुसरं बोलावणं नव्हतं. मनात म्हटलं, ओढ्यापर्यंत पाय मोकळे करून यावेत. धोंडे तर धोंडे.

बाभळी ओलांडल्या आणि वळणावर धूर दिसला. जांभळीच्या अलीकडं, ओढ्यानं आणून टाकलेल्या गाळाची एक पट्टी होती. धोंडे वेचून तिच्या कडेनं दगडी बांधाची ताल घातली होती. आणि त्या तालीच्या आत पीक उभं होतं. असलं पीक कुठल्या कुणब्यानं पाहिलं असतं तर त्याला ताप भरला असता. ज्वारीच्या ताटाला तूर खेटलेली, तुरीखाली हरभरा, मध्येच करडई, कडेला जवस, आणि कुठूनसं आलेलं कपाशीचं एकच झाड. ओळ नाही, कुळवाची पाळी नाही. मधोमध कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच दगड. कोपीपुढं पळसाच्या पत्रावळी मांडलेल्या, ओळीनं, ओढ्यापर्यंत. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर खडा ठेवलेला.

नागप्पा भज्जी ढवळत होते. मला पाहून पळी तशीच हातात राहिली.

"काशव्वा," त्यांनी बायकोला हाक मारली, "मास्तर आले."

काशव्वा कोपीतून बाहेर आल्या, माझ्याकडं पाहिलं आणि परत आत गेल्या. मग आतून दबक्या आवाजात विचारणा आली, "पाव्हण्याला आधी काय देत्यात? पाणी का गूळ?"

"दोनी दे," नागप्पा म्हणाले. तेही गोंधळले होते. त्यांनी मला पहिल्या पत्रावळीवर बसवलं, मग उठवून दुसऱ्या पत्रावळीवर बसवलं, कारण पहिलीवर ऊन येत होतं. मग सावलीत गार वाटेल म्हणून पुन्हा पहिलीवर.

मी रानाकडं पाहत विचारलं, "नागप्पा, हे काय पेरलंय?"

"मातेरं," ते म्हणाले.

रास मोजून झाली की खाली मातीत मिसळलेले दाणे उरतात, त्याला मातेरं म्हणतात. मापाड्याचा तो हक्क. काशव्वा ते झाडून, पाखडून घरी न्यायच्या हे सगळ्या मोंढ्याला ठाऊक होतं. त्यातलं एक गाठोडं दर वर्षी इथं पडतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ही उंच ज्वारी हाय न्हवं, ती पाटलांची," नागप्पा पळीनं दाखवत म्हणाले. "करडई वाण्याची. ह्यो हरभरा कुणाचा त्ये ध्यानात न्हाय, पर हाय गावचाच. समद्यांचं बी हाय मास्तर हितं. मंग येळवशीला समद्यांना बोलवायला नगं?"

मी हात लांबवून पाटलांच्या ज्वारीचं ताट चाचपून पाहिलं.

"पाटलांच्या रानात औंदा पेरा न्हाय," ते म्हणाले. "पर त्यांची ज्वारी हितं निसवलीय. त्यांना कुणीतरी सांगाय पायजे."

मग त्यांनी आंबिलीचं मडकं उचललं आणि अनवाणी फेरीला निघाले. "ओलगे ओलगे, सालम पलगे" असा येळवशीचा घोष करत पिकावर शिंपडत चालले. माणसांनी सोडून दिलेल्या घरांची नावं घेत होते मधूनमधून. रान एवढं लहान होतं की नावं पुरी व्हायच्या आत ते परत आले.

जेवायला मी एकटाच बसलो. शेजारी पत्रावळींची ती लांबच लांब रांग. काशव्वा वाढत होत्या, माझं पान रिकामं होऊ देत नव्हत्या. इतकी चांगली भज्जी मी पाटलांच्या रानातही खाल्ली नव्हती. चार घास झाले आणि मला फार वाईट वाटलं, आणि तरी आपण इथं आलो याचा फार आनंदही झाला.

"दर वर्षी एवढं रांधता?" मी विचारलं.

"आवतन दिल्यावर रांधाय नगं?" नागप्पा म्हणाले.

"पण कुणी येत नाही तर..."

"येतो म्हणत्यात की समदे." ते माझ्याकडं अगदी सरळ चेहऱ्यानं पाहत होते. "एखाद्या साली खरंच आले आन् जेवाण कमी पडलं तर? आब्रू कुणाची जाईल?"

काशव्वा तोंडाला पदर लावून हसल्या. "उरलेलं गायीला घालताव. आमावशा झाली की ती गाय आपल्या आपण येती."

ऊन कललं तेव्हा मी उठलो. नागप्पा मला सोडायला ओढ्यापर्यंत आले. खांद्यावर बिंदगी होती, वाटेत तहान लागली तर म्हणून. पाण्याशी त्यांनी नेहमीसारख्या चपला काढल्या, हात जोडले.

"पुढल्या येळवशीला आमच्या रानात यायचं बरं का."

"येतो," मी म्हणालो.

नागप्पा मान हलवून वळले. दोन पावलं गेले आणि थांबले. खांद्यावरची बिंदगी खाली ठेवली, आणि आजवर कुणालाच विचारायची वेळ आली नव्हती ते त्यांनी मला विचारलं.

"किती जण?"