शुंपेईसाठी एक अंत्यविधी

शुंपेई मिझोगुची अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये सव्वीस वेळा बॅट घेऊन उभा राहिला आणि सव्वीसही वेळा बाद झाला. त्याच्या गावी, कामोउराच्या सभागृहात, रोज सकाळी आठला टीव्हीपुढे जमणारी चाळीस माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघेनाशी झाली. तिथली संध्याकाळ म्हणजे इथली सकाळ, त्यामुळे गावाचा दिवसच नाट लागून सुरू व्हायचा. याच पोरानं गेल्या वर्षी जपानच्या लीगमध्ये एकतीस होम रन, म्हणजे थेट भिंतीपारचे फटके, मारले होते. पण तिथला चेंडू थोडा मोठा आणि बुळबुळीत, आणि तिथले चेंडू फेकणारे पिचर असे घाईचे, की शुंपेईनं ताल धरायला पाय उचलावा तोवर चेंडू मागे पोचलेला असे.

त्याचा बाप तोकुजी. त्याचं खारवलेल्या सुक्या मासळीचं दुकान होतं. बायको गेली तेव्हा शुंपेई शाळेच्या स्पर्धेत खेळत होता, आणि खेळाडूंच्या घरात करतात तसंच तोकुजीनं केलं होतं: स्पर्धा संपेपर्यंत पोराला काही कळवलं नाही. तेव्हापासून बापलेकांत बोलण्यासारखा बेसबॉल हा एकच विषय उरला, आणि त्यावरही बोलायचा तो एकटा तोकुजी. रोज पहाटे पाचला तो अमेरिकेला फोन लावी. गुडघा लवकर उघडतोस, खांदा पाडतोस, सगळं गाव बघतंय, आई वरून बघतेय. असं पंचवीस मिनिटं. पलीकडून "हो बाबा" एवढंच यायचं.

एप्रिलच्या शेवटी साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, दुकानाचे मालक वारले. गल्लीच्या रिवाजाप्रमाणे तोकुजी काळे कपडे घालून पहाटेच त्यांच्याकडे पडदे बांधायला गेला. फोन घरीच ठेवला, कारण आधीच्या एका अंत्यविधीत तो वाजला होता आणि भिक्षूंनी मंत्र थांबवून तोकुजीकडे बघितलं होतं. त्या सकाळी शुंपेईनं पहिला फटका मारला. पुढचे दहा दिवस पुन्हा शुकशुकाट. मग पोस्टातल्या बाई गेल्या, तोकुजी तिकडे गेला आणि शुंपेईचे दोन फटके पडले.

शुंपेईच्या पाठीराख्यांच्या मंडळाचे अध्यक्ष ओगाता हे निवृत्त मुख्याध्यापक. नियम बांधायला त्यांना दोन घटना पुरायच्या. तोकुजीनं यापुढे एकही अंत्यविधी चुकवायचा नाही, असा ठराव त्यांनी एकमतानं पास करून घेतला. वर आणखी एक कलम घातलं. अंत्यविधीहून परतल्यावर दारात अंगावर चिमूटभर मीठ टाकून मरणाची छाया झटकतात, ते तोकुजीनं बंद करायचं. छायेबरोबर फटकेही झटकले गेले तर काय करायचं? अशा रीतीनं दिवसभर कोपरापर्यंत मिठाच्या पाण्यात हात घालणाऱ्या माणसाला चिमूटभर मीठ वर्ज्य झालं. मीठ न टाकलेल्या माणसाच्या हातची मासळी बायका घेईनात. तोकुजीनं तेही सोसलं.

गाव म्हाताऱ्यांचं होतं, त्यामुळे मे महिना चांगला गेला. लोक खरंच तसं म्हणत आणि मग जीभ चावत. गावात कोणी नसेल तेव्हा ओगाता शेजारच्या गावांची चौकशी करून तोकुजीला तिकडे धाडत. अनोळखी मयतापुढे तो इतका मनापासून डोळे मिटून बसे, की हा आपल्या म्हाताऱ्याचा कोण, म्हणून नातेवाईक आपसात कुजबुजत.

जूनमध्ये मात्र कोणी मरेना. उबदार हवेनं म्हातारे टवटवीत झाले. शुंपेई लागोपाठ बावीस वेळा बाद झाला, आणि महिनाअखेर त्याला ठेवायचं की खालच्या संघात पाठवायचं हे ठरणार, असं पेपरात आलं. खालच्या संघात गेलेला आपला माणूस सहसा तिथूनच घरी येतो, हे गावाला माहीत होतं.

मग सगळ्यांना एकदम हिरोसे सरांची काळजी वाटू लागली. सर त्र्याण्णव वर्षांचे. शुंपेईला बॅट धरायला त्यांनी शिकवलं होतं. प्रत्येक सामन्याचा चेंडू न् चेंडू ते वहीत टिपून ठेवत. आता न्हावी त्यांना कलिंगड आणून देई, ओगाता रोज दाराशी येऊन रात्री झोप लागली का विचारत. आठवडाभर हे सोसून सर काठी टेकत सभागृहात आले.

"सगळे माझी तब्येत विचारता आणि बरी आहे म्हटलं की तोंडं पाडता," ते म्हणाले. "एवढी निकड असेल तर जिवंतपणीचा अंत्यविधी करून टाका. हल्ली करतात म्हातारे. गुरुवारी सामना आहे, गुरुवारीच करा."

कोणीतरी "छे, छे, सर" म्हणालं. तोवर ओगातांनी भिक्षूंची वेळ विचारायला माणूस पाठवलासुद्धा होता.

गुरुवारी सर शवपेटीत झोपले. भिक्षूंनी मंत्र म्हटले, न्हावी खराखुरा रडला. पहाटेपासून राबणारा तोकुजी पहिल्या रांगेत बसला होता. साडेनऊच्या सुमारास प्रेत उठून बसलं. सरांच्या कानात ट्रान्झिस्टरचा बारका इयरफोन होता.

"होम रन," प्रेत म्हणालं. "उजवीकडे, भिंतीच्या पार. आता मंत्र चालू द्या."

सगळे पांगल्यावर सरांनी तोकुजीला थांबवून घेतलं आणि वही उघडली. मे महिन्यातल्या एका पानावर त्यांनी बोट ठेवलं. त्या दिवशी तीन फटके पडले होते, आणि त्या दिवशी गावात काय, पंचक्रोशीतही कोणी मेलं नव्हतं.

"आठवतंय त्या दिवशी काय झालं होतं?"

तोकुजीला आठवलं. आदल्या रात्री त्याचा फोन मिठाच्या पाण्याच्या पिंपात पडला होता.

"मयताचा काही संबंध नाही रे," सर म्हणाले. "तुझा फोन गेला नाही की पोरगा खेळतो."

तोकुजीनं वही मिटली. "मग मला तसं सांगायचं ना, सर. पेटीत कशाला झोपलात?"

"नुसतं सांगितलं असतं तर फोन बंद केला असतास?"

"नसता केला."

"म्हणून झोपलो. माझा शब्द तू मोडशील, लेका. माझं मयत नाही टाळणार."

तोकुजीला फार लागलं ते. दुसऱ्या पहाटे पाचला तो हात मांडीखाली दाबून बसला आणि साडेपाचला उठला. रोज असंच. पोराचा फोन आलाच तर हाताशी असावा म्हणून तो आता पिंपाशी, मोरीत, सगळीकडे फोन बरोबर नेई. महिनाअखेरीला संघानं शुंपेईला ठेवलं, कारण पहिले आठ दिवस तो बरा खेळला. पुढे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तोकुजीनं तरीही फोन केला नाही. सरांनी पेटीत झोपून मागितलेली गोष्ट होती ती.

बाविसाव्या दिवशी सर खरोखरच वारले. ओगातांनी हळहळ व्यक्त केली आणि आज सामना आहे ना, हे दोनदा विचारून घेतलं. गाव सभागृहात टीव्हीपुढे जमलं. सरांना एकदा निरोप देऊन झालाच होता. अंत्यविधीला सरांची भाची, भिक्षू आणि तोकुजी अशी तीनच माणसं होती. या वेळी सरांच्या कानात इयरफोन नव्हता. तोकुजीला ते बघवेना.

मंत्र अर्ध्यावर आले आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. भिक्षूंनी थांबून बघितलं. तोकुजी फोन कानाला लावून अंगणात धावला.

"हॅलो," तो म्हणाला.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाबा? तुम्हीच ना?"

"मीच. दुसरं कोण उचलणार माझा फोन?"

"मला आज खालच्या संघात पाठवलं," शुंपेई म्हणाला. "तुमचा फोन आला नाही की गावात कोणीतरी गेलेलं असतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही सांगायचात. या वेळी दुसरा दिवस आलाच नाही. बावीस दिवस झाले, बाबा. मला वाटलं तुम्हीच गेलात, आणि आईच्या वेळेसारखं सामने संपेपर्यंत मला कोणी सांगणार नाही. विचारायचा धीरच होत नव्हता. आज म्हटलं, आता काय बिघडायचं राहिलंय."

तोकुजीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. गुडघ्याबद्दल, खांद्याबद्दल बावीस दिवसांचं साठलेलं होतं, त्यातलं एकही वाक्य त्याला आठवेना.

"हिरोसे सर गेले," तो म्हणाला. "मी आहे."

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं दारात मिठाची पुडी फोडली आणि सगळी अंगावर ओतली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला फोन लावला.

"बाबा, गुडघ्याचं नको," शुंपेई आधीच म्हणाला.

"नाही, नाही. जिवंत आहे, एवढंच सांगायला केला," तोकुजी म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.